ड्यूक कहानामोकू : पाण्यातले आणि काठावरचे आयुष्य

आपल्या वसतिगृहातील एखाद्या मुलाने वा मुलीने क्रीडास्पर्धेत पदक आणले की सभागृहात टाळ्या होतात, फलकावर नाव लागते आणि त्याच संध्याकाळी भेटीस आलेले एखादे पालक आम्हांस बाजूला घेऊन हळूच विचारतात, की खेळून पुढे काय? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आम्ही आजवर देऊ शकलेलो नाही. स्मरणिकेसाठी एका थोर खेळाडूचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा हाच प्रश्न आमच्या डोळ्यांपुढे होता. म्हणून ज्याच्या पदकांची कथा सर्वत्र सांगितली जाते, परंतु अखेरच्या पदकानंतर तो जी चव्वेचाळीस वर्षे जगला त्यांची कथा फारशी कोणी सांगत नाही, अशा एका जलतरणपटूची निवड आम्ही केली. त्याचे नाव ड्यूक कहानामोकू.

पॅसिफिक महासागराच्या ऐन मध्यावर हवाई बेटे आहेत. आज ती अमेरिकेचे एक राज्य म्हणून ओळखली जातात. परंतु २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलू येथे ड्यूकचा जन्म झाला, त्या वेळी तेथे स्वतंत्र राज्य होते, स्वतःचा राजा होता आणि स्वतःची भाषा होती. ड्यूक अडीच वर्षांचा असताना, जानेवारी १८९३ मध्ये, तेथील गोऱ्या व्यापाऱ्यांनी व मळेवाल्यांच्या हितसंबंधीयांनी अमेरिकन नौसैनिकांच्या आधाराने राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले. पुढे १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन करण्यात आली. बाहेरून आलेल्या रोगांनी मूळ रहिवाशांचा आधीच इतका संहार केला होता, की १८९० च्या शिरगणतीत त्यांची संख्या, मिश्र वंशाचे धरूनही, केवळ चाळीस हजारांच्या घरात उरली होती. आपल्याच भूमीवर अल्पसंख्य झालेल्या लोकांत हा मुलगा वाढला.

त्याच्या नावाविषयी पुष्कळांचा गैरसमज होत असे. ड्यूक ही पदवी नव्हे. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा पुत्र प्रिन्स आल्फ्रेड, म्हणजे एडिंबरोचा ड्यूक, १८६९ मध्ये हवाईला आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून ड्यूकच्या वडिलांचे नाव ड्यूक ठेवले गेले आणि तेच नाव थोरल्या मुलाकडे आले. पुढे परदेशांतील वृत्तपत्रांनी त्याला खुशाल राजपुत्र ठरवले. वास्तविक त्याचे वडील पोलीस खात्यात साध्या नोकरीवर होते. घरात सहा मुलगे व तीन मुली अशी नऊ भावंडे होती. वाइकीकीच्या किनाऱ्यालगत, आईच्या माहेरच्या नातलगांच्या शेजारात त्यांचे घर होते. मुलांना पोहायला वेगळे शिकवण्याची त्या घरी रीत नव्हती. होडीतून लाटांत उतरवून दिले की मूल आपोआप हातपाय मारू लागते, असा वडीलधाऱ्यांचा विश्वास होता. ड्यूकच्या बाबतीत तो खरा ठरला.

हवाईच्या राजघराण्यातील एका राजकन्येने आपली मालमत्ता मूळ रहिवाशांच्या मुलांच्या शिक्षणासाठी मृत्युपत्राने दिली होती. तीतून कामेहामेहा शाळा उभी राहिली. ड्यूक काही काळ त्या शाळेत शिकला, परंतु शिक्षण पुरे करू शकला नाही. घरात खाणारी तोंडे अनेक आणि मिळवते हात थोडे, हे कारण आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. त्याने वर्तमानपत्रे विकली, बुटांना पॉलिश केले, बर्फाच्या लाद्या वाहिल्या आणि बंदरात मजुरी केली. जहाजावरील प्रवासी वरून नाणी फेकत आणि खालची मुले बुडी मारून ती पाण्यातून वर काढीत. प्रवाशांची ती करमणूक होती आणि मुलांची मजुरी. या सोडलेल्या शाळेचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला आहे, कारण पुढे चाळिशी गाठताना ड्यूकला तिची किंमत मोजावी लागली.

लाटेवर फळी टाकून तीवर उभे राहून किनाऱ्याकडे झेपावत येणे, ज्याला आज सारे जग सर्फिंग म्हणते, ही हवाईच्या लोकांची फार जुनी विद्या. धर्मोपदेशकांच्या नापसंतीने व लोकसंख्येच्या ऱ्हासाने ती एकोणिसाव्या शतकात जवळजवळ लोपली होती. ड्यूक व त्याचे सोबती यांनी ती पुन्हा प्रतिष्ठेला आणली. त्याची एक प्रसिद्ध फळी कोआ नावाच्या स्थानिक वृक्षाच्या लाकडाची, सोळा फूट लांब आणि ११४ पौंड, म्हणजे सुमारे ५२ किलो वजनाची होती. एवढे ओझे पाण्यापर्यंत उचलून नेणे हाच एक व्यायाम होता. वाइकीकीच्या किनाऱ्यावर १९०८ मध्ये जो पहिला क्लब निघाला, त्यात मुख्यत्वे गोरे सभासद होते. तेव्हा ड्यूक आणि त्याच्या मित्रांनी हॉटेलच्या आवारातील एका झाडाखाली बसून आपला निराळा संघ उभारला. त्याचे नाव हुई नालू, म्हणजे लाटांचा संघ. कपडे बदलायला धड खोली नसलेल्या या संघातून पुढे ऑलिंपिक विजेते निघाले.

आता त्या शर्यतीकडे वळू, जिच्यामुळे ड्यूकचे नाव प्रथम समुद्रापार गेले. ११ ऑगस्ट १९११ रोजी होनोलुलू बंदराच्या एका धक्क्यात, जहाजांच्या मधल्या खाऱ्या व गढूळ पाण्यात, हवाईतील पहिली अधिकृत जलतरण स्पर्धा झाली. शंभर यार्डांच्या शर्यतीत ड्यूकने ५५.४ सेकंदांत अंतर कापले. त्या वेळचा जागतिक उच्चांक अमेरिकेच्या चार्ल्स डॅनियल्सच्या नावावर होता आणि ड्यूकची वेळ त्याहून ४.६ सेकंदांनी कमी होती. जलतरणात सेकंदाच्या दशांशासाठी माणसे वर्षानुवर्षे झटतात. तेथे साडेचार सेकंदांचा फरक म्हणजे एका पिढीचे अंतर. पंचांनी पुनःपुन्हा घड्याळे पाहिली, अंतर पुन्हा मोजून घेतले आणि सर्व कागदपत्रे न्यूयॉर्कला हौशी क्रीडा महासंघाकडे धाडली.

महासंघाने उच्चांक नाकारला. वेळ मोजणाऱ्यांनी स्टॉपवॉचऐवजी गजराची घड्याळे वापरली की काय, अशी थट्टा झाली. भरतीच्या प्रवाहाने पोहणाऱ्याला पुढे लोटले असावे, अशीही शंका घेण्यात आली. खुद्द त्या धक्क्यावर उभे राहून पाहणारे लोक होते, मोजमाप करणारे होते, स्वाक्षऱ्या होत्या. तरी दूरच्या कचेरीत बसलेल्यांना ते शक्य वाटले नाही. शाळेचा दाखला अर्धवट राहिलेल्या, सावळ्या वर्णाच्या, कोणी नाव न ऐकलेल्या बेटावरच्या मुलाने असे काही केले असेल, हे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हते. नियमांची काटेकोर चौकशी करणे हे महासंघाचे कर्तव्यच होते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु चौकशी करणे निराळे आणि हसण्यावारी नेणे निराळे. गुणपत्रिका दाखवूनही ज्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले आहे, त्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना हा फरक ठाऊक आहे.

ड्यूकने वाद घातला नाही. तो मुळातच अबोल होता. होनोलुलूच्या लोकांनी वर्गणी गोळा केली आणि १९१२ च्या आरंभी त्याला अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पाठवले. आयुष्यात प्रथमच त्याने हिमवर्षाव पाहिला आणि प्रथमच तो बंदिस्त, गोड्या, थंड पाण्याच्या हौदात उतरला. उबदार समुद्राची सवय झालेल्या त्याच्या पायांत गोळे आले. शिवाय मोकळ्या पाण्यात सरळ पोहणाऱ्यास हौदाच्या भिंतीपाशी झटकन वळण्याची कला अवगत नव्हती. ती फिलाडेल्फिया येथील अनुभवी प्रशिक्षक जॉर्ज किस्टलर यांनी त्यास शिकवली. महिन्या-दोन महिन्यांत तो अमेरिकेच्या संघात निवडला गेला. त्याच्या पोहण्याचे वैशिष्ट्य पायांत होते. पाय गुडघ्यातून फार न वाकवता तो घोट्यापासून वेगाने वरखाली हलवी आणि त्याची लांबरुंद पावले वल्ह्यासारखी चालत. पाश्चात्त्य प्रशिक्षक या पद्धतीचा अभ्यास करू लागले. हवाईच्या मुलांना ती लहानपणापासून येत होती.

स्टॉकहोमच्या १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये एक प्रसंग घडला. शंभर मीटरच्या उपांत्य फेरीच्या वेळेबद्दल अमेरिकन संघाचा गैरसमज झाला आणि ड्यूकसह त्यांचे खेळाडू हजरच राहिले नाहीत. नियमाप्रमाणे ते बाद झाले होते. त्या वेळी ऑस्ट्रेलियाचा सेसिल हीली, जो ड्यूक नसता तर सुवर्णपदकाचा प्रबळ दावेदार ठरला असता, पुढे आला आणि त्यांना पोहू द्यावे म्हणून त्याने आग्रह धरला. खास फेरी घेण्यात आली. ड्यूक तीत ६२.४ सेकंदांत पोहून पात्र ठरला. अंतिम फेरीत ६३.४ सेकंदांची वेळ देऊन त्याने सुवर्णपदक मिळवले आणि हीली दुसरा आला. हीली १९१८ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर मारला गेला. ड्यूकचे चरित्र लिहिणाऱ्याने हीलीचे नाव वगळले तर तो कृतघ्नपणा होईल, असे आम्ही मानतो. त्याच स्पर्धेत चार जणांच्या सांघिक शर्यतीत ड्यूकला रौप्यपदकही मिळाले.

याच संघात मूळ अमेरिकन वंशाचा जिम थॉर्प होता. त्याने स्टॉकहोमला दोन सुवर्णपदके जिंकली. पुढल्याच वर्षी असे उघड झाले की, पूर्वी उन्हाळ्यात बेसबॉल खेळून त्याने थोडे पैसे घेतले होते. तेवढ्यावरून त्याची पदके काढून घेण्यात आली आणि ती त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी परत देण्यात आली. त्या काळी ऑलिंपिकसाठी खेळाडू हौशी असणे बंधनकारक होते. खेळावर एक पैसाही मिळवायचा नाही, असा त्याचा अर्थ. ज्यांच्या घरी पिढीजात पैसा होता त्यांच्यासाठी हा नियम शोभेचा होता. ज्याला कमाईसाठी शाळा सोडावी लागली त्याच्यासाठी तो फास होता. जगातील सर्वांत वेगवान जलतरणपटू होनोलुलूत परतला आणि मिळेल ती किरकोळ नोकरी करू लागला. गर्दी त्याच्यासाठी जमे आणि तिकिटांचे पैसे इतरांच्या खिशात जात.

१९१४ च्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियास गेला. शर्यतींबरोबरच त्याने सिडनीजवळील फ्रेशवॉटर किनाऱ्यावर तेथल्याच पाइनच्या लाकडाची फळी तयार करून लाटांवर स्वार होऊन दाखवले. ती फळी तेथील जीवरक्षक संघाने आजही जपून ठेवली आहे. याच दौऱ्यात सिडनीस शंभर यार्ड ५३.८ सेकंदांत पोहून त्याने विक्रम केला आणि होनोलुलूच्या घड्याळांवर शंका घेणाऱ्यांना आपोआप उत्तर मिळाले. महायुद्धामुळे १९१६ चे ऑलिंपिक झालेच नाही. पोहणाऱ्याच्या आयुष्यातील ऐन उमेदीची ती वर्षे, पंचविशी ते तिशी, स्पर्धेविना गेली. युद्धकाळात रेडक्रॉसच्या निधीसाठी त्याने अमेरिकेत गावोगाव पोहण्याचे प्रयोग केले.

अँटवर्पचे १९२० चे ऑलिंपिक आपल्याही दृष्टीने संस्मरणीय आहे, कारण दोराबजी टाटा यांच्या प्रयत्नाने हिंदुस्थानचा संघ तेथे प्रथमच गेला होता आणि त्यात कोल्हापूरचे मल्ल रणधीर शिंदे व बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले हे होते. तेथील जलतरणाचे पाणी हाडे गोठवणारे होते. २४ ऑगस्टला, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, ड्यूकने शंभर मीटर अंतर ६०.४ सेकंदांत कापून पुन्हा सुवर्ण मिळवले. परंतु एका ऑस्ट्रेलियन खेळाडूला अडथळा झाल्याची तक्रार आली आणि अंतिम फेरी पाच दिवसांनी पुन्हा घेण्यात आली. ड्यूक ती पुन्हा जिंकला. दुसरा व तिसरा क्रमांकही हवाईच्याच मुलांना मिळाला. सांघिक शर्यतीतही त्याला सुवर्णपदक लाभले.

पॅरिसला १९२४ मध्ये तो चौतिशीला टेकला होता. जॉनी वाइसमुलर नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाने ५९ सेकंदांत त्याला मागे टाकले. ड्यूकला रौप्य मिळाले आणि त्याचा धाकटा भाऊ सॅम तिसरा आला. ऑलिंपिकची पाच पदके, त्यांत तीन सुवर्ण, येथे त्याचा पदकांचा हिशेब संपतो. आता पालकांचा प्रश्न सुरू होतो.

ड्यूक या काळात कॅलिफोर्नियात राहत होता. लॉस एंजेलिस परिसरातील किनाऱ्यांवर तो लोकांना लाटांची विद्या शिकवी आणि चित्रपटांत लहानमोठी कामे करी. उंच, देखणा, जगप्रसिद्ध असा हा पुरुष. पण त्याच्या वर्णामुळे त्यास कधी आदिवासी सरदार, कधी अरब, कधी बेटावरील रहिवासी एवढ्याच भूमिका मिळत. पडद्यावर पोहून पैसे घेतले तर हौशीपणा जाणार, म्हणून ज्या गोष्टीत तो अद्वितीय होता तीच त्याला करता येत नसे. पुढे १९३२ मध्ये वाइसमुलर चित्रपटातला टारझन झाला आणि घराघरांत पोचला. दोघांची मैत्री अखेरपर्यंत टिकली आणि ड्यूकने याविषयी कडवटपणा दाखवल्याचे आढळत नाही. आम्हांस मात्र तो फरक खुपतो. कित्येक उपाहारगृहांनी याच ऑलिंपिक विजेत्यास रंग पाहून जेवण देण्याचे नाकारले, हेही येथे नोंदवणे भाग आहे.

१४ जून १९२५ ची सकाळ. न्यूपोर्टजवळील कोरोना देल मार येथे समुद्र खवळला होता. ड्यूक व त्याचे मित्र फळ्या घेऊन किनाऱ्यावर होते. त्यांच्या डोळ्यांदेखत थेल्मा नावाची मासेमारीच्या सहलीस निघालेली होडी बंदराच्या तोंडाशी प्रचंड लाटेखाली सापडली आणि उलटली. होडीत २९ माणसे होती. अंगावर जड कपडे, पायांत बूट, भोवती फेसाळणारे पाणी आणि सैरावैरा धडपडणारे हात, अशा त्या गर्दीत ड्यूक आपली फळी पुढे ढकलत शिरला. बुडणाऱ्या माणसाला नुसत्या हातांनी ओढू गेले तर तो वाचवणाऱ्यालाही खाली नेतो, हे पोहणारे जाणतात. फळीमुळे धरायला आधार मिळाला. त्याने माणसांना फळीवर ओढून घेतले, किनाऱ्यास पोचवले आणि तो पुन्हा आत गेला. अशा तीन खेपा त्याने केल्या. त्याच्या हातून आठ जण वाचले, त्याच्या मित्रांनी आणखी चौघांना वाचवले. सतरा जणांना जलसमाधी मिळाली. त्या दिवसानंतर अमेरिकेच्या किनाऱ्यांवरील जीवरक्षक बचावासाठी फळी बाळगू लागले. या शर्यतीस घड्याळ लावलेले नव्हते आणि तिच्यासाठी पदकही नव्हते, परंतु ड्यूकच्या आयुष्यातील एकच दिवस निवडायचा झाला तर आम्ही स्टॉकहोम सोडून हा दिवस निवडू.

१९३० च्या सुमारास तो होनोलुलूस परतला, तेव्हा जागतिक मंदी सुरू झाली होती. हाती शाळेचे प्रमाणपत्र नव्हते, कसला व्यवसाय शिकलेला नव्हता आणि वय चाळीस झाले होते. नगरपालिकेच्या इमारतीची देखभाल करण्याचे काम त्यास मिळाले. त्या पदाला नाव भारदस्त होते, परंतु प्रत्यक्षात ते झाडलोट व साफसफाई पाहण्याचे काम होते. त्यानंतर त्याने पेट्रोलपंप चालवले. गाडीत पेट्रोल भरताना समोरचा माणूस ओळखून हात मिळवी, आणि मग पैसे देऊन निघून जाई. श्रमाच्या कामात कमीपणा आहे असे आम्ही मुळीच मानत नाही. झाडू हाती घेतलेल्या आईबापांची मुले आमच्या शाळेत शिकली आहेत आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. प्रश्न कामाचा नसून निवडीचा आहे. ज्याच्या नावावर साऱ्या बेटांचा प्रवासी व्यवसाय वाढत होता, त्याच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता.

१९३४ मध्ये मित्रांच्या आग्रहावरून तो होनोलुलूच्या शेरीफपदासाठी निवडणुकीस उभा राहिला आणि निवडून आला. मुंबईचे शेरीफ, ज्यांना आपण नगरपाल म्हणत असू, त्यांचे पद मानाचे होते. होनोलुलूचे शेरीफपद दर दोन वर्षांनी मते मागून मिळवावे लागे. पोलीस दलाचा कारभार दोन वर्षांपूर्वीच त्या पदाकडून काढून घेण्यात आला होता. तुरुंगाची व्यवस्था, न्यायालयाची समन्से पोचवणे, अपमृत्यूंची नोंद अशी कामे उरली होती. ड्यूक लागोपाठ तेरा वेळा निवडून आला. त्याला भाषण करता येत नसे आणि त्याची गरजही पडत नसे. किनाऱ्यावर नांगरणाऱ्या प्रत्येक बड्या पाहुण्याच्या गळ्यात फुलांची माळ घालण्याचे काम नकळत त्याच्याकडे आले. विमानचालक अमेलिया इअरहार्ट, बालनटी शर्ली टेंपल यांच्यासह त्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. राजे व पुढारी त्याच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेत. छायाचित्रांनी घर चालत नाही, हे खरे.

२ ऑगस्ट १९४० रोजी, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्याने नादीन अलेक्झांडर या नृत्यशिक्षिकेशी विवाह केला. त्यांना मूल झाले नाही. पुढल्याच वर्षी पर्ल हार्बरवर बाँब पडले आणि वाइकीकीच्या किनाऱ्यावर काटेरी तारा लागल्या. युद्ध संपले, विमाने आली, हॉटेलांचे मजले वाढले. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे राज्य झाले. १९६१ मध्ये नव्या व्यवस्थेत शेरीफचे पदच रद्द झाले आणि सत्तराव्या वर्षी ड्यूक पुन्हा बेकार झाला. सरकारने त्यास अधिकृत स्वागताधिकारी नेमले. तुटपुंज्या मानधनाची ती जागा होती. संसाराची ओढाताण चालूच राहिली. त्याचे नाव लावलेले सदरे आणि वाइकीकीतील त्याच्या नावाचे उपाहारगृह यांतून उतारवयात काही पैसा हाती आला. ज्या नावावर पैसे घेण्याची त्याला तारुण्यात बंदी होती, तेच नाव विकून म्हातारपण निभावावे लागले.

प्रकृतीही साथ देईनाशी झाली होती. तरी तो समुद्रावर जाई. १९६५ मध्ये जलतरणाच्या आंतरराष्ट्रीय सन्मान दालनात त्याचे नाव कोरले गेले, पुढल्या वर्षी सर्फिंगच्या दालनातही. १९६६ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या मातोश्री होनोलुलूस उतरल्या, तेव्हा पंचाहत्तरीच्या ड्यूकने त्यांना विमानतळावरच हुला नृत्याची पावले शिकवली. ज्या राजघराण्याच्या एका पाहुण्यावरून त्याच्या वडिलांचे नाव पडले होते, त्याच घराण्याच्या या वृद्धा होत्या. वर्तुळ पुरे व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

२२ जानेवारी १९६८ रोजी वाइकीकी यॉट क्लबच्या आवारात हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. वय सत्त्याहत्तर होते. अंत्ययात्रेच्या दिवशी वाइकीकीच्या किनाऱ्यावर माणसांची रीघ लागली. होड्यांचा ताफा त्याची रक्षा घेऊन समुद्रात गेला आणि ज्या लाटांत तो लहानपणी उतरवला गेला होता, त्यांच्याच पलीकडे ती विसर्जित करण्यात आली.

त्याच्या जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९० मध्ये, किनाऱ्यावर त्याचा कांस्यपुतळा उभारण्यात आला. हात पसरलेले आहेत, मागे फळी उभी आहे, तोंड शहराकडे आणि पाठ समुद्राकडे. लाटांवर वाढलेल्या जुन्या माणसांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे असे, की समुद्र जाणणारा माणूस त्याच्याकडे कधी पाठ करून उभा राहत नाही. पुतळा तसाच आहे. त्याच्या पसरलेल्या हातांवर रोज कोणी ना कोणी ताज्या फुलांच्या माळा घालून जाते.